'लुक फॉरवर्ड टू' नीट वापरायला शिका: पुढे मीट की मीटिंग?

मुलाखतीनंतर पाठवलेला मेल असो, परदेशातल्या विद्यापीठाला केलेला अर्ज असो की नव्या क्लायंटला लिहिलेली पहिली चिठ्ठी, शेवटची ओळ बहुतेकांची एकच असते: "आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू." बाकीचं पत्र चांगलं जमलेलं असतं आणि नेमकी निरोपाची ओळ चुकते. इथं 'हिअर' चालत नाही, 'हिअरिंग' लागतं.

अर्थ कळतो, मग काय बिघडलं, असं वाटू शकतं. पण पत्रातली शेवटची ओळ वाचणाऱ्याच्या मनात सर्वांत जास्त वेळ राहते आणि ही चूक इंग्रजी नीट येणाऱ्याला लगेच खटकते. एकदा समजून घेतली की ती परत होतही नाही. म्हणून या एकाच फ्रेजल व्हर्बसाठी अख्खा लेख खर्च करणं मला योग्य वाटतं.

फ्रेजल व्हर्ब म्हणजे क्रियापद आणि त्याला चिकटलेले एक-दोन छोटे शब्द मिळून तयार झालेला नवा अर्थ. 'गिव्ह' म्हणजे देणं, पण 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणं, हार मानणं. हे नाव तसं फार जुनं नाही. लेखक लोगन पीअर्सल स्मिथ यांनी ते १९२५ मध्ये वापरात आणलं आणि ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचं नोंदवून ठेवलं. नाव नवं असलं तरी अशी क्रियापदं इंग्रज शतकानुशतकं बोलत आले आहेत.

बाजारात 'पाचशे फ्रेजल व्हर्ब्ज'च्या याद्या मिळतात. त्या पाठ करून फारसं हाती लागत नाही, कारण यादीत अर्थ असतो, पण पुढे काय जोडायचं ते नसतं. सुरुवात एकाच क्रियापदानं करा आणि त्यासाठी 'लुक फॉरवर्ड टू' उत्तम आहे. 'टेक ऑफ' म्हणजे विमानाचं उडणं, बूट काढणं आणि सुट्टी घेणंही. 'लुक फॉरवर्ड टू'चं तसं नाही. त्याचा अर्थ एकच आहे.

पायरी पहिली: अर्थ पक्का करा

मराठीत आपण बसची वाट पाहतो, कुरिअरवाल्याची वाट पाहतो आणि गणपतीला घरी जायचीही वाट पाहतो. इंग्रजीत ही कामं वेगवेगळ्या क्रियापदांत वाटलेली आहेत.

स्टॉपवर उभं राहून बसची वाट पाहणं म्हणजे 'वेट फॉर'. त्यात आनंद नाही आणि दुःखही नाही, फक्त थांबणं आहे. कुरिअर आज येणार हे माहीत आहे, तेव्हा 'एक्स्पेक्ट': "आय अ‍ॅम एक्स्पेक्टिंग अ पार्सल." गणपतीला घरी जायचंय, तिकीट काढून झालंय, मन आधीच गावाला पोचलंय, तेव्हा 'लुक फॉरवर्ड टू': "आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू गणपती."

म्हणजे तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. गोष्ट पुढे घडणार असावी, ती घडेल याची बऱ्यापैकी खात्री असावी आणि ती आपल्याला हवीहवीशी असावी. खात्री नसेल तर 'होप' वापरा. नोकरी मिळेल की नाही हे ठरलेलंच नसताना "आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू जॉइनिंग युअर कंपनी" असं लिहिलं, तर नोकरी आपल्यालाच मिळाली असं गृहीत धरल्यासारखं वाटतं. तिथं "आय होप टू जॉइन युअर कंपनी" बरं.

मेलच्या शेवटी "आय अ‍ॅम वेटिंग फॉर युअर रिप्लाय" लिहिण्याची आपल्याकडे फार सवय आहे. व्याकरणाच्या दृष्टीनं ते बरोबर आहे, पण ऐकणाऱ्याला तो तगादा वाटतो, जणू आपण दारात उभे आहोत आणि समोरच्यानं हातातलं काम टाकून उठावं. त्याऐवजी "आय लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय" म्हटलं की सूर लगेच सौम्य होतो. तक्रारीच्या पत्रातही याच ओळीनं शेवट करतात. तिथं आनंदाचा प्रश्न नसतो, पण सभ्य भाषेत 'उत्तर द्या' असं बजावता येतं.

नकारार्थी रूपही शिकून ठेवा, कारण त्याचा अर्थ सरळ उलटा नाही. "आय अ‍ॅम नॉट लुकिंग फॉरवर्ड टू मंडे" म्हणजे 'मी सोमवारची वाट पाहत नाहीये' असं नव्हे. आपण म्हणतो ना, 'सोमवार अगदी जिवावर आलाय', तो याचा अर्थ. दाताच्या डॉक्टरकडे जायचंय, घर बदलायचंय, नावडत्या माणसाबरोबर बैठक आहे, अशा सगळ्या प्रसंगी हे वाक्य चपखल बसतं.

पायरी दुसरी: आधी नुसतं नाम जोडा

क्रियापदाच्या भानगडीत पडण्याआधी काही दिवस 'टू'च्या पुढे फक्त नाम किंवा सर्वनाम लावा. तिथं चुकायला जागाच नाही.

"आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू द वीकेंड."
"वुई आर लुकिंग फॉरवर्ड टू युअर व्हिजिट."
"शी इज लुकिंग फॉरवर्ड टू हर न्यू जॉब."
"आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू इट."

शेवटचं वाक्य रोज कामाला येतं. कुणी म्हणालं, "शनिवारी जेवायला भेटू या," तर उत्तरादाखल "लुकिंग फॉरवर्ड टू इट!" म्हणा. नुसतं "लुकिंग फॉरवर्ड" म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडच्या चॅटमध्ये ते सर्रास दिसतं, पण वाक्य अधांतरी राहतं. 'टू' आणि त्याच्या पुढचा शब्द दोन्ही हवेतच.

आणखी दोन गोष्टी. एक, हे तीन शब्द एकमेकांपासून तुटत नाहीत. 'टर्न ऑफ द फॅन'चं 'टर्न इट ऑफ' होतं, तसं 'लुक इट फॉरवर्ड टू' कधीच होत नाही. दोन, 'टू'च्या जागी 'फॉर' बसवू नका. 'वेट फॉर' आणि 'लुक फॉर' जिभेवर रुळलेले असल्यामुळे "लुकिंग फॉरवर्ड फॉर युअर रिप्लाय" आपसूक तोंडातून निघतं. 'लुक फॉर' म्हणजे शोधणं, ते वेगळंच क्रियापद आहे.

पायरी तिसरी: क्रियापद आलं की आयएनजी

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. इथं घाई करू नका.

शाळेत आपल्याला शिकवलं जातं की 'टू'नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं. 'टू गो', 'टू ईट', 'टू मीट'. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्याआधी ते पाचवीपासून असायचं. सुरुवात कधीही झालेली असो, 'टू अधिक व्ही वन' हा नियम दोन्ही पिढ्यांच्या डोक्यात पक्का बसलेला आहे. नियम खोटा नाही, अर्धा आहे. इंग्रजीत 'टू' दोन प्रकारचे आहेत, आणि हा नियम त्यांतल्या एकालाच लागू पडतो.

पहिला 'टू' क्रियापदाचा. "आय वाँट टू मीट यू." हा 'टू' मीटला चिकटलेला आहे. दुसरा 'टू' आपल्या शब्दयोगी अव्ययासारखा, म्हणजे प्रिपोझिशन. "आय वेंट टू नाशिक." याच्यापुढे नाम येतं. 'लुक फॉरवर्ड टू'मधला 'टू' हा दुसऱ्या प्रकारचा आहे. तो मागच्या 'लुक फॉरवर्ड'चा भाग आहे, पुढच्या क्रियापदाचा नाही. प्रिपोझिशनपुढे क्रियापद आणायचंच असेल तर त्याला आधी नामाचं रूप द्यावं लागतं, आणि इंग्रजीत ते आयएनजी लावून होतं. मीटचं मीटिंग, हिअरचं हिअरिंग, वर्कचं वर्किंग. मराठी व्याकरणात ज्याला धातुसाधित नाम म्हणतात, तेच हे.

"आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू."
"वुई लुक फॉरवर्ड टू वर्किंग विथ यू."
"ही इज लुकिंग फॉरवर्ड टू गोइंग होम."

'टू' कुठल्या प्रकारचा आहे हे ओळखायची एक सोपी कसोटी आहे, आणि मी शिकवताना तिच्यावरच सगळा भर देतो. 'टू'च्या पुढचं सगळं झाकून तिथं 'इट' ठेवा. वाक्य उभं राहिलं तर तो प्रिपोझिशनवाला 'टू', त्याच्यापुढे आयएनजी. वाक्य कोसळलं तर क्रियापदाचा 'टू', त्याच्यापुढे मूळ रूप.

"आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू इट." उभं राहिलं. म्हणून 'मीटिंग'.
"आय वाँट टू इट." कोसळलं. म्हणून 'मीट'.
"आय होप टू इट." कोसळलं. म्हणून 'मीट'.

आता मराठी भाषकाला ही चूक इतकी सहज का होते ते पाहा. शाळेतला नियम हे एक कारण. दुसरं कारण आपल्या भाषेत दडलंय. आपण म्हणतो, 'तुम्हाला भेटण्याची इच्छा आहे', 'तुम्हाला भेटण्याची आशा आहे', 'तुम्हाला भेटण्याची वाट पाहतोय'. तिन्ही ठिकाणी 'भेटण्याची'. मराठीत रूप बदलतच नाही. इंग्रजीत मात्र "आय विश टू मीट यू", "आय होप टू मीट यू" आणि मग "आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू". मनातल्या मराठीवरून उतरवायला गेलं की तिसरंही पहिल्या दोघांसारखंच होऊन बसतं. म्हणून इथं मराठीच्या रूपावर विसंबू नका, 'इट'ची कसोटी लावा.

ही कसोटी एकदा हातात बसली की तिचा फायदा इतर ठिकाणीही होतो. सगळ्यात मोठा फायदा 'यूज्ड टू'मध्ये. "आय यूज्ड टू लिव्ह इन पुणे" म्हणजे 'मी पूर्वी पुण्यात राहायचो'. "आय अ‍ॅम यूज्ड टू लिव्हिंग इन पुणे" म्हणजे 'मला पुण्यात राहायची सवय झाली आहे'. दिसायला जवळजवळ सारखी, अर्थानं पार वेगळी. 'इट' ठेवून बघा. "आय अ‍ॅम यूज्ड टू इट" चालतं, म्हणून लिव्हिंग. "आय यूज्ड टू इट" चालत नाही, म्हणून लिव्ह. 'ऑब्जेक्ट टू', 'कमिटेड टू', 'अकस्टम्ड टू', 'इन अ‍ॅडिशन टू' ही सगळी याच कुळातली. ऑफिसच्या कागदपत्रांत "वुई आर कमिटेड टू प्रोव्हाइड" असं फार लिहिलेलं दिसतं. तिथंही 'प्रोव्हायडिंग' हवं.

पायरी चौथी: लुक की लुकिंग?

"आय लुक फॉरवर्ड टू" आणि "आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू" ही दोन्ही बरोबर आहेत. फरक सलगीचा आहे. पहिलं औपचारिक. बँक, विद्यापीठ, वकील, ओळख नसलेले अधिकारी यांना लिहिताना ते वापरा. दुसरं मोकळं. सहकारी, मित्र, नातेवाईक, ओळखीचा क्लायंट यांच्यासाठी. 'आय अ‍ॅम' गाळून नुसतं "लुकिंग फॉरवर्ड टू सीइंग यू" म्हणणं त्याहून मोकळं. ते फोनवरच्या निरोपात शोभतं, अर्जात नाही.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा जनरल ट्रेनिंग प्रकार देणाऱ्यांनी हा फरक नीट लक्षात ठेवावा. तिथं लेखनाच्या पहिल्या भागात वीसेक मिनिटांत किमान १५० शब्दांचं पत्र लिहायचं असतं. पत्र मित्राला आहे की घरमालकाला, यावरून सूर ठरतो आणि त्या सुराला गुण असतात. 'डिअर सर ऑर मॅडम'नं सुरू झालेल्या पत्राच्या तळाशी "कान्ट वेट टू हिअर फ्रॉम यू" लिहिलं तर ते विजोड दिसतं. तिथं "आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू" आणि खाली "युअर्स फेथफुली", एवढं पुरे.

भूतकाळातली दोन रूपं रोजच्या बोलण्यात उपयोगी पडतात. बेत रद्द झाला आणि समोरच्याला वाईट वाटू द्यायचं नाही, तेव्हा "आय वॉज रिअली लुकिंग फॉरवर्ड टू सीइंग यू." आणि वाट पाहून पाहून अखेर तो दिवस उगवला, तेव्हा "आय हॅव बीन लुकिंग फॉरवर्ड टू धिस ऑल वीक." भर घालायची असेल तर 'रिअली' किंवा 'व्हेरी मच' वापरा. 'ईगरली लुकिंग फॉरवर्ड' आपल्याकडे फार चालतं. चूक नाही, पण जड वाटतं. आतुरता त्या क्रियापदात आधीच आहे.

पायरी पाचवी: येणारं माणूस दुसरं असेल तर

आतापर्यंतच्या वाक्यांत वाट पाहणारे आपणच होतो आणि भेटणारे, जाणारेही आपणच. पण 'तुम्ही येणार आहात, त्याची मी वाट पाहतोय' असं म्हणायचं असेल तर? मराठीचा धागा पकडून "आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड दॅट यू विल कम" असं लिहिलं जातं. या क्रियापदापुढे 'दॅट' घालून नवं वाक्य जोडता येत नाही. माणूस मध्ये ठेवायचा आणि क्रियापदाला आयएनजी लावायचं.

"आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू यू कमिंग."
"द किड्स आर लुकिंग फॉरवर्ड टू देअर आंट कमिंग ओव्हर."

औपचारिक लेखनात 'यू कमिंग'ऐवजी 'युअर कमिंग' असंही लिहितात. दोन्ही जमत नसेल तर नामाकडे परत या: "आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू युअर व्हिजिट." अडलं की नामाकडे परतायचं, ही सवय पुढेही उपयोगी पडेल.

पायरी सहावी: प्रश्नात 'टू' शेवटी

"व्हॉट आर यू लुकिंग फॉरवर्ड टू?" यात 'टू' वाक्याच्या अगदी टोकाला आहे. तो तिथं लटकलेला वाटतो आणि आपण तो गाळून टाकतो. गाळायचा नाही. तसंच "द डे आय वॉज लुकिंग फॉरवर्ड टू" म्हणजे 'ज्या दिवसाची मी वाट पाहत होतो तो दिवस'. इथंही टोकाचा 'टू' जायला नको.

बोलताना

जोर 'फॉर'वर द्या. "लुकिंग फॉरवर्ड टू इट" म्हणताना आवाज तिथं उंचावतो आणि बाकीचे शब्द पटकन सरकतात. ब्रिटिश उच्चारात 'र' जवळजवळ ऐकूच येत नाही, अमेरिकन उच्चारात येतो. आपण नेहमीसारखं 'फॉरवर्ड' म्हटलं तरी सगळ्यांना कळतं. 'टू' मात्र लांबवू नका. बोलताना तो आखूड होतो, 'ट' एवढाच. इंग्रजी चित्रपट किंवा बातम्या ऐकताना हा 'टू' आपल्या कानावर पडत नाही त्याचं कारण हेच, आणि लिहिताना तो राहून जाण्याचंही. उच्चारात आखूड करा, लेखनात पूर्ण ठेवा.

लेखनात आणखी एक सापळा आहे. पुस्तकाच्या सुरुवातीला दुसऱ्या कुणी लिहिलेल्या प्रस्तावनेलाही इंग्रजीत जवळपास याच उच्चाराचा शब्द आहे. त्याचं स्पेलिंग एफ-ओ-आर-ई-डब्ल्यू-ओ-आर-डी. आपल्याला हवं आहे ते एफ-ओ-आर-डब्ल्यू-ए-आर-डी. शब्द दोन्ही खरे असल्यामुळे स्पेलिंग तपासणारं यंत्र नेहमी पकडेलच असं नाही.

एक मेल दुरुस्त करून पाहू

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी पाठवायचा असा एक मेल समजा. नवखे उमेदवार साधारण असंच लिहितात.

"डिअर सर, थँक यू फॉर युअर टाइम यस्टर्डे. आय वॉज लुकिंग फॉरवर्ड फॉर धिस इंटरव्ह्यू. आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड दॅट यू विल सिलेक्ट मी. आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू वर्क विथ युअर टीम. वेटिंग फॉर युअर पॉझिटिव्ह रिप्लाय."

पहिली ओळ छान आहे, तिला हात लावू नका. दुसऱ्या ओळीत 'फॉर'चा 'टू' करा. मुलाखत होऊन गेली, म्हणून त्याआधीची उत्सुकता सांगायला 'हॅड बीन लुकिंग फॉरवर्ड टू' जास्त नेमकं. तिसऱ्या ओळीत दोन दोष आहेत. 'दॅट' जोडता येत नाही, आणि निवड होणार हे ठरलेलंच नाही. नियमात बसवून "टू बीइंग सिलेक्टेड" केलं तरी ते आगाऊपणाचं वाटेल. ओळ काढून टाकलेली बरी. चौथ्या ओळीत 'वर्क'चं 'वर्किंग' हवं, पण इथंही निवड गृहीत धरलेली आहे. "आय वुड बी व्हेरी ग्लॅड टू वर्क विथ युअर टीम" लिहिलं की इच्छा पोचते आणि हक्क सांगितल्यासारखं होत नाही. शेवटच्या ओळीतला 'पॉझिटिव्ह' समोरच्यावर दडपण आणतो. उत्तर होकारार्थी असावं की नाही, हे त्यांनी ठरवायचं.

पाच ओळींत तीनदा तेच क्रियापद आलंय, तेही कमी करू. हाती येतं ते असं:

"डिअर सर, थँक यू फॉर युअर टाइम यस्टर्डे. आय एन्जॉइड लर्निंग अबाउट द वर्क युअर टीम डझ, अँड आय वुड बी व्हेरी ग्लॅड टू बी अ पार्ट ऑफ इट. आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू."

मुलाखत घेणाऱ्यांचं नाव माहीत असेल तर 'सर'च्या जागी नाव लिहा. मेल लिहिताना फोन किंवा कॉम्प्युटर शेवटची ओळ आपणहून सुचवतो आणि ती सहसा बरोबरही असते. ती खुशाल घ्या. पण ती ठरावीक ओळ आहे. "आमच्या गावाला तुम्ही याल त्याची वाट पाहतोय" हे वाक्य कुणी सुचवणार नाही, ते तुम्हालाच बांधायचं आहे.

शब्दकोशात काय बघायचं

अर्थ बघून शब्दकोश मिटू नका. शिकणाऱ्यांसाठी खास तयार केलेले इंग्रजी शब्दकोश ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन या सगळ्यांचे इंटरनेटवर फुकट उघडतात. त्यांत नोंदीखाली क्रियापदाचा साचा दिलेला असतो. तिथं 'एसटीएच' अशी अक्षरं दिसली की ती 'समथिंग'ची, 'एसबी' म्हणजे 'समबडी'. 'लुक फॉरवर्ड टू' शोधलंत की पुढे 'समथिंग' आणि 'डूइंग समथिंग' असे दोन साचे दिसतील. या लेखात आपण आधी नाम आणि मग आयएनजी केलं, ते हेच. साचे देण्याची ही पद्धत रुजवण्यात ए. एस. हॉर्नबी यांचा मोठा वाटा आहे. ते जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते आणि परक्या विद्यार्थ्यांना नेमकं कुठं अडतं ते रोज पाहत होते. त्यांचा शब्दकोश पहिल्यांदा छापला गेला तो जपानमध्येच, १९४२ साली. कुठलंही नवं फ्रेजल व्हर्ब शिकताना आधी हा साचा वहीत उतरवा, अर्थ नंतर.

सराव

पुढच्या आठवड्यात खरोखर घडणाऱ्या गोष्टी घ्या. कल्पनेतली वाक्यं मनात टिकत नाहीत. भाचीचं बारसं, मित्राची बदली, क्रिकेटचा सामना, पगाराचा दिवस, नावडती बैठक. प्रत्येकावर आधी नाम जोडून एक आणि मग आयएनजी लावून एक वाक्य करा. मोठ्यानं म्हणा, लिहून काढा आणि एक तरी वाक्य त्याच दिवशी खऱ्या मेलमध्ये किंवा निरोपात वापरा.

आता पुढची वाक्यं इंग्रजीत करून पाहा. उत्तरं लगेच वाचू नका.

१. आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत. (बँकेला लिहिलेलं पत्र)
२. मी रिक्षाची वाट पाहतेय.
३. दिवाळीत सगळ्यांना भेटायची मी कधीपासून वाट बघतोय.
४. सोमवारी ऑफिसला जायचं जिवावर आलंय.
५. आजी येणार म्हणून मुलं डोळे लावून बसली आहेत.
६. तुला भेटण्याची आशा आहे, पण सुट्टी मिळेल की नाही माहीत नाही.
७. मला आता लोकलनं प्रवास करायची सवय झाली आहे.
८. ज्या सहलीची आम्ही वाट पाहत होतो ती रद्द झाली.

उत्तरं अशी. पहिल्याचं "आय लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय" किंवा "टू हिअरिंग फ्रॉम यू". बँक आहे, म्हणून 'लुक', 'लुकिंग' नाही. दुसऱ्यात नुसतं थांबणं आहे: "आय अ‍ॅम वेटिंग फॉर अ रिक्षा." तिसऱ्यात 'कधीपासून' आहे, म्हणून "आय हॅव बीन लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग एव्हरीवन अ‍ॅट दिवाळी." चौथं "आय अ‍ॅम नॉट लुकिंग फॉरवर्ड टू गोइंग टू द ऑफिस ऑन मंडे." यात 'टू' दोनदा आलाय आणि दोन्ही प्रिपोझिशन आहेत. पाचवं "द किड्स आर लुकिंग फॉरवर्ड टू देअर ग्रँडमदर कमिंग", किंवा सोप्या वाटेनं "टू देअर ग्रँडमदर्स व्हिजिट". सहाव्यात खात्री नाही, म्हणून "आय होप टू मीट यू, बट आय डोन्ट नो इफ आय विल गेट लीव्ह." इथं 'मीट'च. 'मीटिंग' लिहिलं असेल तर 'इट'ची कसोटी पुन्हा लावा. सातवं "आय अ‍ॅम यूज्ड टू ट्रॅव्हलिंग बाय लोकल ट्रेन नाऊ." आठव्यात "द ट्रिप वुई वेअर लुकिंग फॉरवर्ड टू हॅज बीन कॅन्सल्ड." 'फॉरवर्ड' आणि 'हॅज' यांच्या मधला तो 'टू' तुमच्या वाक्यात आहे ना, तेवढं पाहा.